मागचा खांब

गाडी वळणावर थांबली नाही. बिनचालकाची ती उंच गाडी पोटाशी कंटेनर धरून संथपणे पलीकडे गेली, आणि खिडकीशी उभे असलेले काका आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला पुतण्या तिच्याकडे पाहत राहिले. दुसरी गेली. तिसरीही.

गाडी अडली की काकांनी ऊन तुडवत वळणापर्यंत जायचे आणि बटण दाबून तिला चालती करायचे. यार्डातल्या साऱ्या चालकांपैकी, एवढ्या कामापुरते, ते एकटे उरले होते.

"काय केलंस रे?"

"मागच्या खांबावरच्या वायफायचा जोर कमी केला." पुतण्याने लॅपटॉपवरची नजर उचलली नाही. "त्याचा सिग्नल वळणापलीकडेही जेमतेम पोचायचा. गाडी तोच धरून बसायची. पुढचा खांब अगदी शेजारी, पण त्याला जोडून घ्यायची नाही. मग संपर्क तुटायचा नि ती जागीच उभी. आता सिग्नल जरा उतरला, की पुढचा धरते."

"म्हणजे माहेर सुटत नव्हतं म्हण की!" काका हसले. "आणि आम्ही बोंबलतोय, जोर वाढव, जोर वाढव."

"सगळे तेच म्हणतात."

"वेळ किती लागला?"

"हा चहा निवायच्या आत झालं."

हसू काकांच्या चेहऱ्यावर तसेच राहिले. फक्त त्यातून कोणीतरी उठून गेले.

"हे तुला आज कळलं?"

पुतण्याने लॅपटॉप मिटला. "उद्या बाहेरचा तज्ज्ञ येतोय, काका. त्यानं आल्या आल्या ओळखलं असतं."

"मी ते नाही विचारलं."

"आधीच केलं असतं, तर तुम्हाला घरी बसवलं असतं कंपनीनं."

काकांनी वळणाकडे पाहिले. तिथून आणखी एक गाडी निर्वेध गेली.

"वर्षभर गुडघे धरून पळतोय मी," ते हळूच म्हणाले. "तुझ्या काकूला ऐटीत सांगायचो, माझ्यावाचून तिथं पान हलत नाही."

"आजच्यापुरतं पहिल्यासारखं करून ठेवू?" पुतण्याचा आवाज दमलेला होता. "काका? करू?"

काका बाहेर पडले. परवानगीसाठी कोणालाही हाक न देता त्यांनी आवाराच्या जाळीचे दार लोटले, आणि दार उघडताच पार दुसऱ्या टोकापर्यंतच्या साऱ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. माणूस न कळवता आत आला की थांबायचे, एवढे त्यांना पहिल्यापासून शिकवलेले होते. त्या निश्चल रांगांमधून, एकाही गाडीकडे न पाहता, ते चालत राहिले.