बाजारातली पुडी

आठवडी बाजारातल्या औषधाच्या पुडीनं अनसाक्काचे गुडघे असे मोकळे झाले, की भाचीच्या हळदीत ती फुगडी खेळली. चेहराही गोल दिसू लागला. “अक्कानं बाळसं धरलंय!” म्हणत सगळ्या हसल्या. पुढं जांघेत कळ उठली आणि पाय टेकवेना, तेव्हा धाकटी जाऊ शेवंता तिला दवाखान्यात घेऊन आली.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “मावशी, पुडीत स्टेरॉइड असणार. दुखणं दबलं, पण खुब्याचं हाड आतून मरत गेलं. खुबा बदलावा लागेल. पुडी एकदम सोडू नका, मी सांगतो तशी कमी करायची. घरात आणखी कुणी घेतं का?”

अनसाक्कानं मागं वळून पाहिलं.

“मी घेते,” मागं उभी असलेली शेवंता चाचरत म्हणाली. “अक्कांनीच दिली.”

अनसाक्कानं तिचा हात घट्ट धरला.

“शेवंते, आधी खाली बस. खुब्यावर भार नको.”