हलेल तो गायब

लेन्सवर काळी काच चढवायची, कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि शटर चांगलं तीन-चार मिनिटं उघडं सोडायचं. जे जागचं हलत नाही ते स्वच्छ उमटतं आणि जो सारखा इकडून तिकडे फिरतो तो फोटोतून गायब! थोरल्याने ही करामत रविवारी घरातच करून पाहिली आणि फोटोसकट आपल्या पेजवर टाकली. आरामखुर्चीत पेंगणारे बाबा, सोफ्यावर पसरलेला धाकटा, खिडकीशी पेपर धरून बसलेला तो स्वतः. तिघंही कसे कोरून काढल्यासारखे!

लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. एकाने मात्र विचारलं, "ते सगळं ठीक, पण गायब कोण झालंय यात?"

"आमची आई," थोरल्याने तोऱ्यात टाइप केलं. "या तीन-चार मिनिटांत तिने चहा आणून ठेवला, मघाचे उष्टे कप उचलले, केर काढला, वाळलेले कपडे आत..."

त्याचं बोट तिथेच अडलं. लिहिलेलं सगळं त्याने खोडून टाकलं.

तेवढ्यात ओले हात पुसत आई मागे येऊन उभी राहिली. चष्मा सारखा करून तिने फोटो कौतुकाने निरखला.

"किती छान आलात रे तिघं! आणि घर पण कसं लख्ख दिसतंय."



मग जरा आठवून म्हणाली, "मी बाहेर गेले होते वाटतं तेव्हा?"