कड्यातली संध्याकाळ

खिडकीबाहेरच्या धुळीचं तापमान तासाभरात शंभर अंशांनी उतरलं होतं. शलाकाने आकडा नोंदवला आणि वर पाहिलं. सूर्य सरकत सरकत पृथ्वीमागे चालला होता. चंद्रावरच्या वस्तीत सूर्यग्रहण लागलं होतं.

वाईहून आईचा आवाज आला. "सुरी, कात्री काही हातात धरली नाहीस ना? पाचवा महिना आहे."

"आई, तुझ्याकडे चंद्रग्रहण, माझ्याकडे सूर्यग्रहण. पाळू कुठलं?"

उत्तर यायला नेहमीचे तीन सेकंद लागले. "अगं, ज्याला ग्रहण लागलंय त्याच्यावरच तू बसली आहेस! दोन्ही पाळ."

शलाका हसली. उद्याचं यान चुकलं, तर गरोदरपणात पुढे प्रवासाची परवानगी नव्हती. इथे जन्मलेल्या बाळाची हाडं पृथ्वीवर वजन पेलतील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण परत गेलं, तर दहा वर्षं वाट पाहून मिळालेली इथली वेधशाळा सुटणार होती. तीन आठवडे ती नुसतं 'बघू' म्हणत होती.

सूर्याचा शेवटचा ठिपका झाकला गेला आणि काळ्या पृथ्वीभोवती लाल कडं उजळलं. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे पहाट किंवा संध्याकाळ होती, तिथला उजेड हवेतून वाकून इथवर पोचत होता. बाहेरची सगळी धूळ तांबूस झाली.

"आई, तिकडे सूर्य मावळला?"

"आत्ताच. का गं?"

"तुझी संध्याकाळ दिसतेय मला इथून." शलाकाने काचेवरून त्या लाल कड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "उद्याच्या यानाने निघते. बाळंतपणाला माहेरी येतेय."