डावा गाल

"चला, चित्रं इकडे वळवा," प्राध्यापक लबीब म्हणाले. "ज्यांचं चित्र, त्यांना आधी बघू द्या."

झीनात उठली. अलेक्झांड्रियाच्या बाजारात मासळी विकणारी बाई. तीन सकाळी धंदा सोडून ती कला महाविद्यालयाच्या या वर्गात मुलांपुढे चित्रासाठी बसली होती. स्टोव्हच्या भडक्यात तिचा डावा गाल कधीकाळी जळाला होता. कातडी गोळा होऊन डोळा अर्धा मिटला होता.

पहिल्या चित्रात तो गाल सावलीत होता. दुसऱ्यात ओढणीखाली. तिसऱ्या पोराने तर तो चक्क बरा करून टाकला होता.

"ही कोण रे?"

"तुम्हीच, मावशी."

"माझ्या नवऱ्याला दाखवू नकोस बाबा. मला घराबाहेर काढेल."

वर्ग हसला.

रांगेत शेवटी निहाद ही विद्यार्थिनी उभी होती. तिने आपलं चित्र वळवलंच नव्हतं.

"ते राहू द्या," लबीब घाईने म्हणाले. "ते प्रदर्शनात लागणार नाही. लोक चार सुंदर गोष्टी बघायला येतात, बाई. त्यांना दचकवून कसं चालेल?"

"माझ्याकडे रोज गिऱ्हाईक येतं, उस्ताद. दचकून कुणी मासळी टाकून पळालेलं नाही."

झीनातने स्वतःच ते चित्र फिरवलं.

हसणं थांबलं. जळालेला गाल भर उजेडात होता. ओढली गेलेली पापणी, ओठाचा वर चढलेला कोपरा, चुरगळलेली कातडी.

निहादने मान खाली घातली. "रागावू नका, मावशी. मला जसं दिसलं तसं..."

झीनात कितीतरी वेळ बघत राहिली. मग रंगाला न लावता तिने बोट पुढे नेलं, कानाच्या जरा खाली.

"इथली एक घडी राहिलीय."

"काय?"

"कातडीची घडी. नीट बघितलं नाहीस तू."

लबीबनी घड्याळ पाहिलं. "बाई, तास संपला. आणि हे लागणार नाही म्हणून सांगितलं ना?"

"तुम्ही जा, उस्ताद. जेवून घ्या."

ती परत जाऊन खुर्चीवर बसली. ओढणी कानामागे सारली आणि डावा गाल खिडकीकडे केला.

"काढ," ती निहादला म्हणाली. "आणि हात थरथरू देऊ नकोस."