आरशातली शालन

आयुष्यभर नट्यांचे चेहरे उजळवणाऱ्या कॅमेरामन केळुसकरांकडे स्वतःच्या बायकोचा एकही धड फोटो नव्हता. म्हणून दरवर्षी तिच्या, शालनच्या, पुण्यतिथीला ते फिल्म संग्रहालयात जात आणि आपल्याच एका जुन्या सिनेमातला प्रसंग लावून घेत. शालन त्यांची सहायकही होती. नायिका खिडकीशी वेणी माळत असताना, अंतर मोजायची फीत हातात धरलेली शालन मागच्या आरशात दीड सेकंद दिसायची. तेव्हा केळुसकर साऱ्या सेटसमोर तिच्यावर खेकसले होते. पण तोवर ऊन उतरलं आणि रीटेक राहूनच गेला.

यंदा नायिकेने वेणी माळली, तेव्हा आरशात नुसती भिंत होती.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. पुन्हा भिंतच.

"सर, जुने सिनेमे आता यंत्राने दुरुस्त केलेत," संग्रहालयातली रेवती कौतुकाने म्हणाली. "एकदा चूक सापडली, की जगातल्या प्रत्येक प्रतीतून ती जाते."

"आणि मूळ प्रत?"

"ती ठेवत नाहीत. आता हीच मूळ."

"चूक कशाला म्हणायचं, हे त्या यंत्राला काय कळतं?" केळुसकरांचा आवाज चढला.

रेवती गोंधळली. "तुमच्याच चित्रीकरणाच्या नोंदवह्यांवरून शिकलंय ते, सर. तुम्हीच आणून दिल्या होत्यात ना?"

तिने पडद्यावर एक पान उघडलं. अक्षर त्यांचंच होतं. लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'आरशात शालन दिसते. अक्षम्य.'