सागवानी विमान

एकाहत्तरचं युद्ध संपलं आणि मंजूला स्थळ आलं. मुलगा हवाई दलात होता, विमानातून फोटो काढायचा. तिचे वडील सोहनलाल जळगावचे सराफ. ते म्हणाले, “फोटोग्राफर? दुकान कुठं आहे त्याचं?”

मंजू वाद घालत बसली नाही. मुलाच्या फोटोत मागं विमान उभं होतं, ते बघून तिनं सागाच्या तुकड्यातून तसंच कोरलं. वरून हिरवं-तपकिरी रंगवलं, खालून आभाळी. पोटाला कॅमेरा म्हणून काचेचा मणी बसवला.

“यावर बंदूक कुठं आहे?” वडिलांनी विचारलं.

“नसते, बाबूजी. शत्रूच्या डोक्यावर जायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं.”

दुसऱ्या दिवसापासून ते विमान सोहनलालांच्या पेढीवर, काचेच्या कपाटात हारांच्या मधोमध होतं. गिऱ्हाईकानं विचारलं की ते सांगायचे, “हे आमच्या जावयाचं दुकान.”