अडकलेली वरात

लग्नाच्या फिल्म एडिट करणाऱ्या उर्मिलाचा कॉम्प्युटर ऐन सीझनमध्ये बंद पडला, म्हणून ती विट्यातल्या शेटेंच्या दुकानात नवा घ्यायला आली. कंबर धरल्यामुळे शेटे पट्टा लावून खुर्चीत बसले होते आणि शेटेकाकू एकेक खोकं उचलून आणत होत्या.

"हाच घ्या. यावर तुमचं कुठलंही सॉफ्टवेअर लोण्यासारखं चालेल," शेटे एका मशीनवर थाप मारून म्हणाले. उर्मिलाला खात्री वाटेना. तिने पेन ड्राइव्ह लावून परवाच्या वरातीचं, अजून न पाहिलेलं शूटिंग एडिटिंगला टाकलं.

घोडा दिसला, बँडवाले दिसले आणि चित्र थिजलं. दातांत रुमाल धरून, रस्त्यावर आडवे पडून शेटे नागीण डान्स करत होते.

उर्मिलाने कीबोर्डवरची सगळी बटणं दाबून पाहिली, पण चित्र काही हलेना.

"परवा तुम्ही कराडला डॉक्टरांकडे गेला होतात ना?" काकूंनी विचारलं.

शेटे ताडकन उठले. "ताई, हे मशीन एडिटिंगच्या कामाचं नाही! तो माळ्यावरचा ग्राफिक्स कार्डवाला त्याच किमतीत देतो, पण आधी हे बंद करा!"

"राहू दे," काकू रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या. "अहो, माळ्यावर तुम्हीच चढा."

शेटे निमूटपणे शिडी चढू लागले.

"ताई, नव्या मशीनवर पुढचं सगळं न अडकता दिसेल ना?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," उर्मिला म्हणाली. "स्लो मोशनमध्येसुद्धा."